‘क्लास काय तुझा?’ : पॅरा खेळाडूंची बोली, सोप्या भाषेत

मुंबईत दोन पॅरा खेळाडू, म्हणजे अपंगत्व असलेल्यांच्या स्पर्धांत खेळणारे, पहिल्यांदा भेटले की नाव-गाव झाल्यावर पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "क्लास काय तुझा?" हे अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सबाहेर होईल नाहीतर लोकलच्या त्या छोट्या डब्यात, ज्याच्यावर दिव्यांग लिहिलंय पण बोलताना सगळे हँडिकॅप डबाच म्हणतात. शेजारच्या काकांना वाटतं पोरं ट्युशनबद्दल बोलतायत, पण इथे क्लास म्हणजे खेळायचा गट. एक म्हणतो "एफ फोर्टी सिक्स", दुसरा म्हणतो "मी टी फिफ्टी फोर", आणि तेवढ्यात दोघांना एकमेकांबद्दल कळायचं ते कळलेलं असतं. एक उभ्याने गोळा किंवा भाला फेकतो, अडचण हातात आहे. दुसरा रेसिंग व्हीलचेअर पळवतो, पाय चालत नाहीत पण हात दणकट आणि धडावर चांगला ताबा. कसं झालं, कधी झालं, जन्मापासून का, असं कुणी काही विचारलेलं नसतं.

हेच प्रश्न बाकी जग त्यांना रोज विचारतं, रिक्षावाला, वॉचमन, लग्नात भेटलेल्या मावशी, सगळे. म्हणून मला ही बोली फार आवडते. मी या मुलामुलींच्या मॅचला स्कोअरिंगला, सामान उचलायला, फॉर्म भरायला जात असते, आणि मला मनापासून वाटतं की यातले पंधरा-वीस शब्द जरी आपल्याला माहीत असले तरी आपण त्यांचा खेळ खेळ म्हणून बघू शकतो, नाहीतर आपण फक्त "बघा कसे जिद्दी आहेत" एवढंच म्हणून घरी जातो आणि स्कोअर काय झाला तेपण आठवत नाही.

तर आधी टक्के आणि क्लास यातला गोंधळ, कारण घरचे लोकसुद्धा इथेच अडकतात. आपल्याकडे अपंगत्वाचं सर्टिफिकेट टक्क्यांत असतं, आता त्याचं यूडीआयडी कार्ड (सरकारी ओळखपत्र) मिळतं, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. मग लोक विचारतात की ७० टक्केवाला ४५ टक्केवाल्याबरोबर कसा काय खेळणार, हा अन्याय आहे. पण मैदानात टक्के चालत नाहीत. पॅरालिम्पिकच्या नियमात पात्र धरलेले १० प्रकार आहेत, स्नायूंची ताकद कमी असणं, हातपाय नसणं, उंची कमी असणं, सेरेब्रल पाल्सीसारख्यामुळे हालचालींवर ताबा नसणं, दृष्टी, बौद्धिक वगैरे, त्यातला एखादा असावा लागतो, आणि मग बघतात की त्याचा या एका खेळावर किती परिणाम होतो. कुस्तीत जसे वजनगट असतात, ५७ किलोच्या पैलवानाला ९७ च्या पैलवानासमोर कोणी उभं करत नाही, तसंच हे आहे, फक्त इथे किलोच्या जागी शरीर त्या खेळात काय काय करू शकतं ते मोजतात.

म्हणूनच एका माणसाचे दोन-तीन क्लास असू शकतात. पोहण्यात तर एकाच वेळी असतात, फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला एस, ब्रेस्टस्ट्रोकला एसबी, मेडलेला एसएम, कारण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांचं काम खूप जास्त, पाय कमजोर असलेल्याला तिथे वेगळा फटका बसतो. अक्षरापुढचा आकडा १ ते १० शारीरिक, ११ ते १३ दृष्टी, १४ बौद्धिक. आपल्या सोलापूरकडचा सुयश जाधव एस७ मध्ये पोहायचा. कांचनमाला पांडेने २०१७ ला मेक्सिकोतल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २०० मीटर मेडलेचं गोल्ड घेतलं, तिचा क्लास ११, म्हणजे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध. या क्लासमध्ये सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालायला लावतात, म्हणजे कुणाला थोडा उजेड कळत असेल तर तोही फायदा नको, आणि भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीने अंगावर हलकं टॅप करतो. त्याला टॅपर म्हणतात. टॅपरची वेळ जरा चुकली तर डोकं भिंतीवर, त्यामुळे तो भरवशाचाच लागतो.

क्लास ठरवायची ही पद्धत पहिल्यापासून नव्हती. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं गोल्ड मिळवून दिलं, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान होता हा माणूस. त्या काळात पदकांच्या स्पर्धा फक्त मणक्याच्या इजेमुळे व्हीलचेअरवर आलेल्यांसाठी होत्या आणि गट डॉक्टरी निदानावरून पडायचे. हातपाय कापलेले आणि अंध खेळाडू १९७६ ला टोरंटोत आले, सेरेब्रल पाल्सीवाले १९८० ला. निदान काय, यावरून नजर "खेळात शरीर काय करतं" इकडे वळली ती पुढच्या काळात.

आता कोड वाचायला शिकूया, कारण २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या वेळी टीव्हीवर हे आकडे येत होते आणि घरोघरी लोक विचारत होते की हे काय आहे. अॅथलेटिक्समध्ये टी म्हणजे ट्रॅक (लांब उडी, उंच उडीही टीमध्येच), एफ म्हणजे फील्ड, फेकीचे प्रकार. मग पहिला आकडा गट सांगतो. १ दृष्टी, २ बौद्धिक, ३ सेरेब्रल पाल्सी आणि तसल्या ताब्याच्या अडचणी, ४ मध्ये कमी उंचीवाले आणि हातापायाची अडचण असलेले उभ्याने खेळणारे, ५ बसून खेळणारे, ६ पायाला कृत्रिम पाय किंवा ब्लेड लावून खेळणारे. दुसरा आकडा साधारणपणे जितका लहान तितकी अडचण जास्त. एवढं कळलं की बघा, आटपाडीकडचा सचिन खिलारी एफ४६, पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटर आणि सिल्व्हर. नांदेडची भाग्यश्री जाधव एफ३४, गट ३ चा असला तरी ती बसून फेकते, जमिनीला पट्ट्यांनी बांधलेल्या थ्रोइंग फ्रेमवर. सुमित अंतिल एफ६४, गुडघ्याखाली कृत्रिम पाय, ७०.५९ मीटर भाला. बॅडमिंटनमध्ये अक्षरंच वेगळी आहेत, डब्ल्यूएच व्हीलचेअर, एसएल उभे राहणारे पण पायात अडचण, एसयू हातात, एसएच कमी उंची.

एक गोंधळ मात्र हमखास होतो. मणक्याची इजा झालेली मुलं "मी टी टेन आहे" असंही म्हणतात, आणि त्या टीचा ट्रॅकशी काही संबंध नाही, ते पाठीच्या कण्यातल्या मणक्याचं नाव आहे, छातीच्या भागातला दहावा. एल वन म्हणजे कंबरेचा पहिला. त्यामुळे एकच मुलगा "टी टेन" पण असतो आणि "टी फिफ्टी फोर" पण असतो. त्याच्यापुढे "कम्प्लीट" किंवा "इनकम्प्लीट" येतं, म्हणजे इजेच्या खाली काहीच कळत नाही की थोडं कळतं. "पॅरा" चं पण तसंच, पॅरा खेळाडू हा एक अर्थ आणि पॅराप्लेजिक, म्हणजे पाय लुळे पडलेला पण हात शाबूत, हा दुसरा, "तो क्वॉड आहे रे, पॅरा नाही" असं कानावर आलं तर विषय दुसऱ्या अर्थाचा आहे, क्वॉड म्हणजे हातांनाही फटका बसलेला.

आता सगळ्यात नाजूक शब्द, क्लासिफिकेशन. यांच्या बोलण्यात ते "क्लासिफिकेशन आहे माझं पुढच्या महिन्यात" असं येतं आणि आवाज बदलतो, परीक्षेच्या निकालासारखा नाही, त्यापेक्षा वाईट. एक पॅनेल असतं, डॉक्टर किंवा फिजिओ आणि खेळातले जाणकार, ते टेबलवर तपासतात, ताकद, सांधा किती वळतो, लांबी मोजतात, मग खेळून दाखवायला लावतात, आणि पुष्कळदा प्रत्यक्ष स्पर्धेत पण लांबून बघत बसतात. मग नावापुढे एक स्टेटस लागतं. नवीन असेल तर एन. परत तपासणार असतील तर आर म्हणजे रिव्ह्यू. पक्कं झालं की सी, कन्फर्म्ड. म्हणून कुणी मिठी मारून ओरडत आलं "सी मिळाला, सी मिळाला!" तर समजा त्याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलंय, कारण आरवाल्याचा क्लास कधीही हलू शकतो.

क्लास हलला की काय होतं ते बाहेरच्यांना कळत नाही. समजा एखादी मुलगी आपल्या क्लासमध्ये देशात पहिली आहे आणि पॅनेलने तिला एक क्लास वर टाकलं, म्हणजे कमी अडचणवाल्यांत, तर काल जे अंतर गोल्डचं होतं तेच आज आठव्या नंबरचं होतं. तिच्या अंगात काही बदललेलं नाही, सराव तेवढाच. आणि एनई म्हणजे नॉट एलिजिबल, तो तर सरळ दरवाजाच बंद. टोकियोत भारताच्या एका थाळीफेकपटूला एफ५२ मध्ये ब्राँझ मिळालं होतं आणि मग पॅनेलने पुन्हा बघून तो या क्लासमध्ये बसत नाही म्हणून निकालच रद्द केला. देशभर बातमी आली, लोकांनी एका दिवसात अभिनंदनाच्या पोस्ट काढून टाकल्या.

एवढी कडक तपासणी कशाला, असं वाटतं खरं. पण २००० साली सिडनीत स्पेनच्या बौद्धिक अपंगत्व गटातल्या बास्केटबॉल टीमने गोल्ड जिंकलं आणि नंतर उघड झालं की १२ पैकी १० जणांना तसलं अपंगत्व नव्हतंच. त्याची शिक्षा कुणाला झाली, तर त्या गटातल्या जगभरच्या खऱ्या खेळाडूंना, लंडन २०१२ पर्यंत त्यांच्या स्पर्धाच पॅरालिम्पिकमधून बंद होत्या. म्हणून पॅनेलवर राग काढणारी मुलंसुद्धा पॅनेल नको असं कधी म्हणत नाहीत.

आणि क्लास पक्का असून पण "इव्हेंटच नाहीये माझा" हे दुखणं वेगळं. मानसी जोशी, आपल्या अणुशक्तीनगरमध्ये वाढलेली, २०११ ला अपघातात पाय गेला, २०१९ ला बासेलमध्ये एसएल३ ची वर्ल्ड चॅम्पियन झाली. आणि टोकियोत महिलांच्या एसएल३ ची सिंगल्स ठेवलेलीच नव्हती. वर्ल्ड चॅम्पियन आणि सिंगल्सला प्रवेशच नाही! पॅरिसमध्ये ती आली तेव्हा मध्ये पाच वर्षं गेली होती. प्रत्येक खेळात सगळे क्लास घेणं आयोजकांना जमत नाही हे समजतं, पण ज्याचा क्लास गाळला जातो त्याची पाच वर्षं परत मिळत नाहीत, आणि मला हे फार लागतं.

व्हीलचेअर बास्केटबॉल वेगळ्या गणितावर चालतं आणि मला वाटतं ते सगळ्यात हुशार गणित आहे. इथे क्लासऐवजी पॉइंट म्हणतात. प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ मधला पॉइंट, अर्ध्याअर्ध्याच्या पायरीने. धडावर अजिबात ताबा नसलेला १, अगदी कमी अडचणवाला ४.५. कोर्टवर पाच जण, बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे सगळे तगडे घेऊन उतरताच येत नाही, "लो पॉइंटर" लागतातच. आणि चांगला लो पॉइंटर म्हणजे सोनं, त्याच्याकडे बॉल फार येत नाही पण तो आपली चेअर नेमकी समोरच्या "हाय पॉइंटर"च्या चेअरला अडवून लावतो, त्याला "पिक" म्हणतात, आणि तो अडकला की आपला माणूस बास्केटखाली मोकळा. नवीन प्रेक्षक बॉल बघतात, जाणकार एक पॉइंटवाल्याची चाकं बघतात. बास्केट तीच, १० फुटांवर, कोर्ट तेच. बॉल मांडीवर ठेवून चाकांना दोन "पुश" मारता येतात, तिसऱ्याच्या आत ड्रिबल म्हणजे बॉल जमिनीवर आपटायला हवा, नाहीतर ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियम मोडला. "टिल्ट" म्हणजे एका चाकावर चेअर उचलून उंची मिळवणं, धडावर ताबा असलेल्यालाच जमतं. "कॅम्बर" म्हणजे चाकं खाली बाहेरच्या बाजूला फाकलेली असतात तो कोन, त्यामुळे चेअर गर्रकन वळते आणि पलटत नाही. आणि ही गेम चेअर वेगळी, रोजची "डे चेअर" वेगळी, एकीवरून दुसरीवर जाणं म्हणजे "ट्रान्सफर". कुणी ट्रान्सफर करत असताना धावत जाऊन काखेत हात घालू नका प्लीज, त्याचा तोल त्याने मोजलेला असतो, आपण मध्ये आलो की पडतो. विचारायचं, "दादा, हात देऊ?" आणि नको म्हणाला तर नको. रिकाम्या डे चेअरवर बसायचं पण नाही, ती त्याची आहे, अगदी अंगासारखी.

पाय गेलेल्यांचे शब्द पटकन कळतात. बीके म्हणजे गुडघ्याखाली, एके म्हणजे गुडघ्यावर. उरलेला भाग "स्टंप", तो ज्यात बसतो ते "सॉकेट", मधला मोजासारखा थर "लायनर". मुंबईत कुणी म्हणालं "हाजी अलीला पाय बनवला" तर ते दर्ग्याबद्दल बोलत नाहीत, तिथल्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेबद्दल बोलतायत, १९५५ पासून आहे ती. मे महिन्यात आणि पावसाळ्यात एकच तक्रार असते, लायनरमध्ये घाम साचतो, सॉकेट सरकतो, स्टंप सोलतो, आणि मग आठवडाभर पाय घालता येत नाही म्हणजे सराव बंद. व्हीलचेअरवाल्यांमध्ये तसाच भीतीचा शब्द "सोअर", एका जागी दाब पडून होणारी जखम, खाली संवेदना नसते म्हणून लक्षात येईपर्यंत खोल गेलेली असते. "उद्या येत नाही, सोअर आलाय" म्हटलं की पुढे कुणी आग्रह करत नाही. "बूस्टिंग" पण ऐकू येतं कधीकधी, मणक्याच्या वरच्या भागात इजा असलेला माणूस मुद्दाम शरीराला इजा करून ब्लडप्रेशर वाढवतो म्हणजे ताकद जास्त मिळते. जिवाला धोका आहे आणि बंदीही आहे, कोच लोक पोरांना फार कडक शब्दांत सांगतात.

आपसातली मस्करी तर जबरदस्त असते. "माझा पाय बघ रे जरा, मी आंघोळ करून येतो." "टोटल को बोल लाइट बंद करायला, त्याला काय फरक पडतो." (टोटल म्हणजे पूर्ण अंध.) हे ऐकून पाहुणे गोरेमोरे होतात. एक लक्षात ठेवा, हे बोलायचा हक्क आतल्यांचा आहे. त्यांनी एकमेकांना लंगड्या म्हटलं म्हणून आपण म्हणायचं नाही. दिव्यांग शब्दावर एकमत नाही, २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी तो सुचवला आणि सरकारी कागदावर सगळीकडे आला, काहींना त्यात मान वाटतो, काहींना "दिव्य वगैरे काही नाही आमच्यात, रॅम्प द्या" असं वाटतं. बरेच जण बाकीच्यांना सरळ "नॉर्मल" म्हणतात, मला तो शब्द खटकतो पण त्यांची जीभ मी का पकडू. "व्हीलचेअरला खिळलेला" हे मात्र पेपरवाल्यांनी थांबवावंच. चेअर आल्यावर माणूस घराबाहेर पडला, खिळलेला होता तो त्याच्या आधी. २०१९ ला वूस्टरमध्ये विक्रांत केणीच्या भारतीय टीमने शारीरिक अपंगांच्या क्रिकेटची वर्ल्ड सिरीज इंग्लंडला ३६ रननी हरवून जिंकली, आपल्या रवींद्र संतेने फायनलमध्ये ५३ मारले, आणि बोलणारे पायाबद्दलच बोलत राहिले, त्या ५३ बद्दल कोणी बोलेना.

कर्णबधिर खेळाडू यात नसतात, त्यांचं डेफलिम्पिक्स वेगळं, १९२४ पासून, चांगल्या कानात किमान ५५ डेसिबलचा लॉस लागतो आणि खेळताना कानाचं मशीन काढून ठेवावं लागतं. त्यांची बोली हातांची आहे, ती त्यांनीच समजवायला हवी.

राहिलं ते आवाजाचं जग, आणि ते बघायला तर नक्की जा. अंध खेळाडू स्वतःला "टोटल", "पार्शल" (थोडं दिसणारा) असं सांगतात, आणि आपल्याला "डोळस" किंवा "साइटेड" म्हणतात. धावण्यात टी११ ला डोळ्यावर पट्टी आणि सोबत "गाइड", दोघांच्या हातात एक छोटी दोरी, "टेदर". गाइडने ओढायचं नाही आणि रेषा आधी खेळाडूने ओलांडायची, नाहीतर बाद. अंध फुटबॉलमध्ये बॉलकडे जाताना "वॉय!" ओरडावंच लागतं, स्पॅनिश शब्द आहे, मी येतोय असा, नाही ओरडला तर फाउल, कारण समोरच्याला कळायला हवं कुठून कोण येतंय.

अंध क्रिकेटमध्ये बॉल प्लॅस्टिकचा, आत छर्रे, अंडरआर्म टाकायचा आणि पिचच्या अर्ध्याच्या आत एक तरी टप्पा पडायला हवा, म्हणजे तो खुळखुळत येतो. स्टंप धातूचे. विकेटकीपर मागून आवाज देऊन बोलरला दिशा सांगतो. बोलर विचारतो "रेडी?", बॅट्समन म्हणतो "येस", मग "प्ले!" म्हणत बॉल सुटतो, यात गडबड झाली तर नो बॉल. जवळजवळ सगळे स्वीप मारतात, वाकून, कान जमिनीजवळ नेऊन. अकरांत किमान चार बी१ (टोटल), तीन बी२ (पार्शल) आणि जास्तीत जास्त चार बी३ (त्याहून बरं दिसणारे). आपल्या मुलींनी २०२५ ला कोलंबोत पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला तो याच नियमांनी. आता तुम्ही मॅचला गेलात तर "रेडी" ऐकू आलं की बोलणं बंद, मोबाइल सायलेंट, भेळवाल्याला पण थांबवा, आणि बॉल सीमेपार गेला की मग हवा तेवढा आरडाओरडा करा. बी१ फील्डरने एका टप्प्यानंतर पकडला तरी कॅच धरतात, तेव्हा अंपायरवर ओरडू नका. आणि चौकार गेला आणि बोर्डावर आठ चढले तर स्कोअररला पण काही बोलू नका, बी१ च्या बॅटमधून आलेले रन डबल धरतात.